४०३ फॉरबिडन : सीएचमॉड चालवण्याआधी नकार कोणी दिला ते शोधा

वेबसाइट उघडली आणि पांढऱ्या पानावर '४०३ फॉरबिडन' आलं, की बहुतेकांचा हात आधी सीएचमॉड या परवानग्या बदलणाऱ्या कमांडकडे जातो. फोल्डरला ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची मुभा दिली, तरी पान उघडत नाही. मग फाइलींचा मालक बदलला, मग एसईलिनक्स (लिनक्समधला जादा सुरक्षा-पहारा) बंद केलं, मग कुठून तरी उचललेल्या तीन ओळी कॉन्फिगमध्ये घातल्या. अखेर साइट चालू होते, पण नेमकी कशाने झाली ते कोणालाच सांगता येत नाही. सर्व्हर मात्र सताड उघडा पडलेला असतो.

४०३ चा अर्थ एवढाच की विनंती पोचली, समजली, पण कोणीतरी नकार दिला. हा नकार देणारा सीडीएन (साइटपुढे उभं राहून पानं पोचवणारं सर्व्हरांचं जाळं) असू शकतो, वेब सर्व्हरचा नियम असू शकतो, लिनक्सची फाइल-परवानगी असू शकते, एसईलिनक्स असू शकतं किंवा तुमचं स्वतःचं अ‍ॅप्लिकेशनही असू शकतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि चुकीच्या जागी केलेला उपाय नुसता वाया जात नाही, तर नवं भोक पाडून ठेवतो. म्हणून खालचे टप्पे क्रमाने करा. लेख अपाची २.४ आणि एन्जिनएक्स यांच्यासाठी आहे. उबुंटू-डेबियन आणि रेड हॅट कुळातल्या अल्मालिनक्स, रॉकी अशा दोन्ही गटांचे फरक जागोजागी दिले आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

एक खात्री सुरुवातीलाच करून घ्या. ४०१ म्हणजे ओळख पटवा, युजरनेम-पासवर्ड द्या. ४०४ म्हणजे अशी वस्तू सापडली नाही. आकडा ४०३ च आहे ना? 'साइट चालत नाही' एवढ्या निरोपावर काम सुरू करू नका.

पूर्वतयारी

१. नेमका पत्ता आणि नेमकी वेळ लिहून घ्या. सगळी साइट बंद आहे की एकच पान? फक्त चित्रं दिसत नाहीत का? फक्त फॉर्म पाठवताना अडतं का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निम्मे टप्पे वगळता येतात. वेळ नोंदवताना सर्व्हरचं घड्याळ बघा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात आणि आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास असते. दुपारी साडेतीनची चूक लॉगमध्ये सकाळी दहाला सापडेल.

२. कॉन्फिगची प्रत काढा. उबुंटूवर /ईटीसी/अपाची२, रेड हॅट कुळात /ईटीसी/एचटीटीपीडी, आणि एन्जिनएक्स असेल तर /ईटीसी/एन्जिनएक्स. सीपी -ए वापरा, म्हणजे मालक आणि परवानग्याही जशाच्या तशा येतात.

३. परवानग्यांचीही प्रत काढा. हे जवळजवळ कोणीच करत नाही. साइटच्या फोल्डरवर गेटएफएसीएल -आर चालवून निकाल एका फाइलीत साठवा. सगळं बिघडलं तर सेटएफएसीएल --रिस्टोअर ने मूळ परवानग्या परत येतात. आर मोठ्या लिपीतला, आणि ही प्रत साइटच्या फोल्डरबाहेर ठेवा.

४. सर्व्हरशी एसएसएचची दोन सेशन उघडी ठेवा. एकात काम, दुसरं हात न लावता तसंच.

> सावधान : होम फोल्डरवर ७७७ कधीही देऊ नका. होम फोल्डर इतरांना लिहिण्याजोगा दिसला की एसएसएच तुमची की नाकारतो. वेबसाइट उघडायला गेलात आणि स्वतःच बाहेर अडकलात, असं होतं. दुसरं सेशन त्यासाठीच.

टप्पा १ : नकार तुमच्याच सर्व्हरचा आहे का?

साइटपुढे क्लाउडफ्लेअरसारखा सीडीएन, लोड बॅलन्सर किंवा होस्टिंगवाल्यांचं फायरवॉल असेल, तर नकार तिथूनच आलेला असू शकतो. सर्व्हरवर लॉगइन करा आणि अ‍ॅक्सेस लॉग टेल -एफ ने उघडा ठेवा. आता बाहेरून पान उघडा.

लॉगमध्ये ओळ उमटली आणि तिच्यात ४०३ आहे : नकार इथलाच किंवा याच्या मागच्या अ‍ॅप्लिकेशनचा. टप्पा २ कडे जा.

ओळ उमटलीच नाही : विनंती इथवर पोचलीच नाही. सर्व्हरवर काहीही बदलू नका. सीडीएनच्या डॅशबोर्डमधल्या सुरक्षा नोंदी बघा, नाहीतर होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधलं फायरवॉल बघा.

ओळ उमटली, पण भलत्याच साइटच्या लॉगमध्ये : विनंती चुकीच्या व्हर्च्युअल होस्टकडे (एकाच सर्व्हरवर प्रत्येक साइटसाठी असलेल्या वेगळ्या कॉन्फिग-ब्लॉककडे) जाते आहे. अपाचीवर अपाचीसीटीएल -एस (मोठा एस) कोणत्या नावाला कोणता होस्ट उत्तर देतो ते दाखवतं. एन्जिनएक्सवर एन्जिनएक्स -टी (मोठा टी) सगळं कॉन्फिग एकत्र छापतं, त्यात सर्व्हर नेम शोधा. एसएसएलचा ४४३ पोर्ट आणि साधा ८० यांच्यासाठी वेगळे ब्लॉक असतात. एकात साइटचं नाव घातलं आणि दुसऱ्यात विसरलं, ही नेहमीची गोष्ट.

हेडरमध्ये 'सर्व्हर : क्लाउडफ्लेअर' दिसलं म्हणून नकार क्लाउडफ्लेअरचा ठरत नाही. मागच्या सर्व्हरचा ४०३ सुद्धा त्याच हेडरसकट येतो. निकाल अ‍ॅक्सेस लॉगवरूनच लावा. सीडीएन मधून काढून तपासायचं असेल तर सर्व्हरवरूनच कर्लला (टर्मिनलवरून पान मागवणाऱ्या कमांडला) --रिझॉल्व्ह हा पर्याय देऊन साइटचं नाव १२७.०.०.१ कडे वळवा. नाव खरं, सर्टिफिकेट खरं, फक्त वाट थेट.

टप्पा २ : एरर लॉग वाचा

हा टप्पा वगळणारे लोकच तासन्‌तास चाचपडत बसतात. ब्राउझरमधला ४०३ मुद्दामच मोघम असतो, कारण तो परक्या माणसालाही दिसतो. खरं कारण सर्व्हर एरर लॉगमध्ये लिहितो.

उबुंटूवर अपाचीचा लॉग /व्हार/लॉग/अपाची२/एरर.लॉग इथे असतो. रेड हॅट कुळात तो /व्हार/लॉग/एचटीटीपीडी/एरर_लॉग. एन्जिनएक्सचा दोन्हीकडे /व्हार/लॉग/एन्जिनएक्स/एरर.लॉग. साइटच्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये वेगळा लॉग नेमलेला असेल तर तो बघा. चुकीचा लॉग बघून 'काहीच आलं नाही' म्हणणारे खूप आहेत.

अपाचीच्या संदेशात एएच ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्यावरून पुढचा टप्पा ठरतो :

- एएच०१६३०, 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' : कॉन्फिगमधल्या नियमाने नाकारलं. फाइल-परवानग्यांचा काहीही संबंध नाही. टप्पा ५.
- एएच०००३५, 'सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कंपोनंट ऑफ द पाथ' : वाटेतलं एखादं फोल्डर बंद आहे. टप्पा ३.
- एएच००१३२, 'फाइल परमिशन्स डिनाय सर्व्हर अ‍ॅक्सेस' : वाट मोकळी, पण फाइल वाचता येत नाही. टप्पा ३, आणि रेड हॅट कुळात टप्पा ४.
- एएच००५२९ : डॉट एचटीअ‍ॅक्सेस ही फोल्डरपुरत्या नियमांची फाइल तपासता किंवा वाचता आली नाही. हेही बहुधा वाटेचंच दुखणं. टप्पा ३.
- एएच०१२७६, 'कॅनॉट सर्व्ह डिरेक्टरी' : फोल्डर मागितलं, त्यात इंडेक्स फाइल नाही आणि यादी दाखवायला मनाई आहे. टप्पा ५.
- एएच०००३७ : सिम्बॉलिक लिंक चालवायला परवानगी नाही, किंवा लिंकच्या टोकाशी पोचता येत नाही. टप्पा ५.

एन्जिनएक्स कमी बोलतो, पण स्पष्ट बोलतो :

- '१३ : परमिशन डिनाइड' : ऑपरेटिंग सिस्टिमने अडवलं. टप्पा ३, मग टप्पा ४.
- 'डिरेक्टरी इंडेक्स ऑफ ... इज फॉरबिडन' : इंडेक्स फाइल सापडली नाही. टप्पा ६.
- 'अ‍ॅक्सेस फॉरबिडन बाय रूल' : अलाव-डिनायच्या ओळीने अडवलं. टप्पा ६.

इथे एक चकवा आहे. एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये ट्राय_फाइल्सची ओळ असेल आणि शेवटी ४०४ लिहिलेलं असेल, तर परवानगीची अडचण ब्राउझरमध्ये ४०३ म्हणून दिसतच नाही, ४०४ म्हणून दिसते. सर्व्हरला फाइलकडे बघताच येत नाही, म्हणून तो पुढच्या पर्यायाकडे जातो आणि अखेर 'सापडली नाही' म्हणतो. फाइल डोळ्यांसमोर असताना ४०४ येत असेल, तर एरर लॉगमध्ये स्टॅट आणि '१३ : परमिशन डिनाइड' असलेली ओळ शोधा.

> तपासणी : पुढे जाण्याआधी एक वाक्य लिहा, 'अमुक वेळी अमुक फाइलसाठी अमुक संदेश आला'. ते लिहिता येत नसेल तर टप्पा २ अजून झालेला नाही. लॉग खरंच रिकामा असेल तर थेट टप्पा ७.

टप्पा ३ : वाटेवरच्या परवानग्या

फाइलला ६४४ (मालकाला वाचता-लिहिता येईल, बाकीच्यांना फक्त वाचता) दिलं म्हणजे काम झालं, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. जुन्या वाड्यात माजघराचं दार उघडं असून उपयोग नाही, दिंडी दरवाजापासून मधलं प्रत्येक दार ओलांडता यायला हवं. लिनक्समध्ये फोल्डरवरचा एक्स म्हणजे 'यातून पुढे जाता येईल'. मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर वेब सर्व्हरला एक्स लागतो आणि शेवटच्या फाइलवर आर, म्हणजे वाचण्याची परवानगी. एवढंच. लिहिण्याची परवानगी पान दाखवायला लागत नाही.

आधी सर्व्हर कोणत्या युजरच्या नावाने चालतो ते पाहा. उबुंटू-डेबियनवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. रेड हॅट कुळात अपाचीसाठी अपाची, एन्जिनएक्ससाठी एन्जिनएक्स. अंदाज नको, पीएस च्या यादीत चालू प्रोसेसचा मालक बघा. मुख्य प्रोसेस रूटची दिसेल. तिच्याखालच्या कामकरी प्रोसेसचा मालक आपल्याला हवा.

मग ही कमांड :

नेमआय -एल /होम/दीपा/दुकान/पब्लिक/इंडेक्स.एचटीएमएल

वाटेतलं प्रत्येक फोल्डर एकेका ओळीत, मालक-ग्रुप-परवानगीसकट दिसतं. वरून खाली वाचत या. सर्व्हरचा युजर मालकही नाही आणि ग्रुपमध्येही नाही अशा पहिल्या ओळीत 'इतरां'च्या जागी एक्स नसेल, तर अडथळा तोच.

वरच्या उदाहरणात तो बहुधा /होम/दीपा वर सापडेल. उबुंटूने २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० ने, म्हणजे 'इतरां'ना पूर्ण बंद, बनवायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या सर्व्हरवर होम फोल्डरातून बिनतक्रार चालणारी साइट २२.०४ च्या नव्या सर्व्हरवर तशीच ठेवली की ४०३ देते. कॉन्फिग अक्षरशः तेच असतं, म्हणून माणूस चक्रावतो.

उपाय दोन. चांगला उपाय म्हणजे साइट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा /एसआरव्ही मध्ये हलवणं. होम फोल्डर माणसाचं असतं, त्यात एसएसएचच्या किल्ल्या असतात, कमांडचा इतिहास असतो. वेब सर्व्हरला तिथे कामच काय? हलवणं शक्य नसेल तर फक्त त्या एका युजरला फक्त ओलांडण्याची परवानगी द्या :

सेटएफएसीएल -एम यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:एक्स /होम/दीपा

यानंतर त्याच फोल्डरवर कोणी सीएचमॉड ७०० केलं तर एसीएलचा (अशा जादा परवानग्यांच्या यादीचा) मास्क, म्हणजे कमाल मर्यादा, रिकामा होतो आणि ही परवानगी यादीत दिसूनही लागू होत नाही. गेटएफएसीएलच्या निकालात 'इफेक्टिव्ह' शब्द दिसला की हेच झालेलं असतं.

साइटच्या आत सगळ्याच परवानग्या विस्कटल्या असतील, तर फोल्डरना ७५५ आणि फाइलींना ६४४ हा नेहमीचा पाया आहे. पण सीएचमॉड -आर ६४४ अख्ख्या फोल्डरवर चालवू नका, त्याने फोल्डरांचाही एक्स जातो आणि होतं नव्हतं तेही बंद पडतं. उलट सगळ्याला ७५५ दिलं तर प्रत्येक चित्र आणि टेक्स्ट फाइल 'चालवण्याजोगी' होते. एका फटक्यात बरोबर काम करणारं रूप हे :

सीएचमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/दुकान

यात -आर आणि दोन्ही एक्स मोठ्या लिपीत टाकायचे, बाकी सगळं लहान. मोठा एक्स फोल्डरना लागू होतो, आणि ज्या फाइलींना आधीपासून तो आहे त्यांनाच राहतो. त्यानंतर डेटाबेसचे पासवर्ड असलेली फाइल, वर्डप्रेसची डब्ल्यूपी-कॉन्फिग किंवा लाराव्हेलची डॉट ईएनव्ही, हाताने ६४० करा आणि तिचा ग्रुप पीएचपी ज्या युजरने चालतं त्याचा ठेवा.

मालकीबद्दल माझं मत ठाम आहे : सगळी साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीची करू नका. मालक तुमचा डिप्लॉय युजर, ग्रुप सर्व्हरचा, आणि लिहिण्याची परवानगी फक्त अपलोड, कॅश अशा मोजक्या फोल्डरांना. उद्या एखाद्या प्लगइनमधून कोणी आत शिरलं तर त्याला अख्खी साइट बदलता येऊ नये.

७७७ ने ४०३ जातो का? कधीकधी जातो. पण जिथे सुएक्झेक (स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवणारं साधन) आहे अशा शेअर्ड होस्टिंगवर ४०३ जाऊन ५०० येतो, कारण कोणालाही लिहिता येणारी स्क्रिप्ट ते चालवायलाच नकार देतं.

> तपासणी : सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा कॅट आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता. मजकूर दिसला तर साध्या परवानग्या ठीक आहेत. सर्व्हरच्या युजरला नुकतंच एखाद्या ग्रुपमध्ये घातलं असेल तर सर्व्हिस रीस्टार्ट करा; चालू प्रोसेसला नवा ग्रुप आपोआप मिळत नाही.

टप्पा ४ : परवानग्या बरोबर, तरीही '१३ : परमिशन डिनाइड'

वरची तपासणी पास होते, पण सर्व्हर तीच फाइल वाचू शकत नाही. अल्मालिनक्स, रॉकी, फेडोरा किंवा आरएचईएलवर असाल तर ही एसईलिनक्सची खूण आहे. सुडोने चालवलेली कॅट तुमच्या मोकळ्या संदर्भात चालते. वेब सर्व्हर मात्र त्याच्यासाठी आखलेल्या बंदिस्त संदर्भात चालतो. दोघांना वेगळी उत्तरं मिळतात आणि लॉगमध्ये शब्द मात्र तेच येतात.

क्रम असा :

१. गेटएनफोर्स चालवा. उत्तर एनफोर्सिंग असेल तर पुढे.

२. एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट. यात वेब सर्व्हरचं नाव आणि नाकारलेली फाइल दिसली तर निदान पक्कं.

३. एलएस -झेड (मोठा झेड) ने फाइलचं लेबल बघा. वाचण्यापुरत्या फाइलींना एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी हवं. अपलोडसारख्या लिहिण्याच्या फोल्डरला एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी. होममधून आणलेल्या फाइलींवर युजर_होम_टी दिसेल.

हे चुकीचं लेबल येतं कुठून? एमव्ही मुळे. सीपी ने केलेली नवी प्रत नव्या फोल्डरचं लेबल घेते. एमव्ही ने हलवलेली फाइल जुनं लेबल बरोबर आणते. होममध्ये झिप उघडली आणि एमव्ही ने /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल मध्ये टाकली, की ४०३ ठेवलेलाच.

४. साइट नेहमीच्या जागी असेल तर रिस्टोअरकॉन -आरव्ही आणि फोल्डरचा पत्ता (आर मोठा), एवढंच पुरतं. साइट वेगळ्याच जागी, समजा /डेटा/दुकान मध्ये असेल, तर आधी एसईमॅनेज एफकॉन्टेक्स्ट ने त्या जागेचा नियम नोंदवा आणि मग रिस्टोअरकॉन चालवा. एसईमॅनेज सापडत नसेल तर पॉलिसीकोरयूटिल्स-पायथन-यूटिल्स हे पॅकेज घाला. चकॉन ने लेबल लगेच बदलतं, पण पुढच्या रीलेबलला पुसलं जातं. दोन महिन्यांनी 'काहीच बदललं नाही तरी बंद पडली' ही तक्रार त्यातूनच येते.

> सावधान : सेटएनफोर्स ० ही फक्त चाचणी. साइट चालली तर कारण कळलं, लगेच सेटएनफोर्स १ करा आणि लेबल दुरुस्त करा. कॉन्फिग फाइलीत कायमचं 'डिसेबल्ड' लिहू नका. त्या काळात बनलेल्या फाइलींना लेबलच मिळत नाही आणि पुन्हा चालू करताना सगळी डिस्क नव्याने लेबल करावी लागते.

एसईलिनक्स नसतानाही हेच लक्षण दिसलं तर सिस्टमसीटीएल कॅट ने सर्व्हिसची फाइल वाचा. तिच्यात प्रोटेक्टहोम=येस असेल तर त्या सर्व्हिसला /होम बंदच असतं, सीएचमॉड काहीही सांगो.

टप्पा ५ : अपाचीचे नियम

एएच०१६३० आला असेल तर इथे या. उबुंटूच्या अपाची२.कॉन्फ मध्ये मुळाशी, म्हणजे / ला, 'रिक्वायर ऑल डिनाइड' असतं आणि /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ला 'ग्रँटेड'. डॉक्युमेंट रूट बदलून /एसआरव्ही/दुकान केलं की साइट मोकळ्या भागातून बंद भागात जाते. नव्या फोल्डरसाठी डिरेक्टरी ब्लॉक लिहून त्यात 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' द्यावं लागतं. मुळाशीच ग्रँटेड लिहिणं हा उपाय नव्हे. त्याने एखाद्या चुकीच्या एलियसमधून /ईटीसी सुद्धा वाचता येऊ शकतं.

जुन्या लेखांतून उचललेलं 'ऑर्डर अलाव, डिनाय' हे २.२ चं व्याकरण. २.४ मध्ये, म्हणजे २०१२ पासून, 'रिक्वायर' आलं. जुनं व्याकरण एका जोड मॉड्यूलमुळे अजून चालतं, म्हणूनच घात होतो : वरच्या फोल्डरला नवं, खालच्या डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये जुनं, आणि दोघांचा निकाल मिळून भलताच. ग्रेपने सगळीकडचे 'डिनाय फ्रॉम' आणि 'ऑर्डर' शोधा आणि नव्या रूपात बदला. डॉट एचटीअ‍ॅक्सेस शोधताना साइटच्या वरच्या फोल्डरांतही बघा.

एकाखाली एक लिहिलेल्या रिक्वायरच्या ओळींपैकी कोणतीही एक जुळली तरी प्रवेश मिळतो. 'ऑल ग्रँटेड' खाली ऑफिसचा आयपी लिहिला तर बंधन काहीच पडत नाही. 'रिक्वायर नॉट आयपी' वापरायचं असेल तर ते रिक्वायरऑल ब्लॉकमध्येच टाका. आणि डिरेक्टरी ब्लॉक बरोबर असूनही नकार येत असेल तर लोकेशन ब्लॉक शोधा. अपाची तो नंतर लागू करतो, म्हणून शेवटचा शब्द त्याचा.

आयपीवरून प्रवेश देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. साइटपुढे प्रॉक्सी असेल तर सर्व्हरला सगळे पाहुणे प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेले दिसतात. त्यासाठी अपाचीत रिमोटआयपी मॉड्यूल आणि एन्जिनएक्समध्ये सेट_रिअल_आयपी_फ्रॉम लागतं. दुसरं, यादीत फक्त आयपीव्ही४ असेल आणि सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता असेल, तर जिओच्या मोबाइलवरून येणारा माणूस बहुधा आयपीव्ही६ ने येतो आणि अडतो. 'वायफायवर चालते, मोबाइल डेटावर नाही' या तक्रारीत आधी हेच बघा.

एएच०१२७६ असेल तर परवानग्यांना हात लावू नका. इंडेक्स फाइल आहे का आणि डिरेक्टरीइंडेक्समध्ये तिचं नाव आहे का ते बघा. इंडेक्स.एचटीएमएल आणि कॅपिटल आयने सुरू होणारं तेच नाव लिनक्सवर दोन वेगळ्या फाइली. लाराव्हेलसारख्या फ्रेमवर्कमध्ये डॉक्युमेंट रूट पब्लिक फोल्डर हवा. प्रोजेक्टच्या मुळाकडे तो नेमला की नेमका हाच संदेश येतो. 'ऑप्शन्स +इंडेक्सेस' देऊन ४०३ घालवू नका. पान येईल खरं, पण ते तुमच्या फाइलींच्या यादीचं असेल.

एएच०००३७ ला 'ऑप्शन्स फॉलोसिमलिंक्स' लागतं. मात्र लिंक ज्या फोल्डरात नेते त्याची अख्खी वाट टप्पा ३ प्रमाणे मोकळी हवी. 'करंट' नावाच्या लिंकवर डिप्लॉय करणारे हे हमखास विसरतात.

टप्पा ६ : एन्जिनएक्सचे नियम

'डिरेक्टरी इंडेक्स' संदेशाचं नेहमीचं कारण म्हणजे इंडेक्सच्या ओळीत इंडेक्स.पीएचपी नसणं. साइट पीएचपीची, ओळीत फक्त एचटीएमएल.

अलाव-डिनायमध्ये पहिली जुळलेली ओळ चालते. 'डिनाय ऑल' वर आणि अलाव खाली असेल तर अलाव कधीच वाचलं जात नाही.

सर्टिफिकेट घेताना ४०३ येत असेल तर डॉटने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांना अडवणारा लोकेशन ब्लॉक शोधा. तो डॉट गिट आणि डॉट ईएनव्ही लपवण्यासाठी घातलेला असतो आणि घालावाच, पण लेट्स एन्क्रिप्टची पडताळणी /.वेल-नोन/ मधूनच होते. त्या पत्त्यासाठी ^~ चिन्ह लावलेला वेगळा लोकेशन ब्लॉक लिहा. तो जुळला की रेगेक्सचे (नमुन्यावरून पत्ता जुळवणारे) ब्लॉक तपासलेच जात नाहीत. हे दुखणं नूतनीकरणाच्या दिवशी बाहेर पडतं, म्हणून आजच सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन चालवून बघा.

पासवर्ड लावलेल्या भागात विचारणा होते, पण पासवर्ड टाकल्यावर ४०१ ऐवजी ४०३ येतो? ऑथ_बेसिक_युजर_फाइलमध्ये दिलेली फाइल त्या जागी आहे का ते बघा. ती सापडली नाही तर एन्जिनएक्स ४०३ देतो.

पानावर फक्त 'अ‍ॅक्सेस डिनाइड.' एवढे दोन शब्द असतील तर नकार पीएचपी-एफपीएमचा. डॉट पीएचपी सोडून दुसऱ्या एक्स्टेन्शनची फाइल त्याच्याकडे पाठवली जाते आहे आणि सिक्युरिटी.लिमिट_एक्स्टेन्शन्स तिला अडवतं आहे. ती मर्यादा काढू नका, काढलीत तर अपलोड केलेलं चित्रही पीएचपी म्हणून चालू शकतं. पीएचपीचा लोकेशन ब्लॉक फक्त .पीएचपी ने संपणाऱ्या पत्त्यांनाच लागू करा.

टप्पा ७ : एरर लॉग रिकामा, अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ४०३

काही मुद्दाम दिलेले नकार एरर लॉगमध्ये येत नाहीत. एन्जिनएक्समध्ये 'रिटर्न ४०३', अपाचीत रीराइटरूलच्या शेवटी एफ हा झेंडा. दोन्ही ग्रेपने शोधा. चित्रं चोरीला जाऊ नयेत म्हणून लावलेला रेफररचा (विनंती कोणत्या पानावरून आली ते पाहणारा) नियम डोमेन बदलल्यावर स्वतःच्याच साइटला अडवतो. चित्रंच गायब असतील तर तो बघा. ब्राउझरमध्ये चालतं आणि कर्लने नाही, असं असेल तर युजर एजंटवरचा नियम.

फक्त फॉर्म पाठवताना किंवा लेख साठवताना ४०३ येत असेल तर मॉडसिक्युरिटी या वेब-फायरवॉलचा संशय घ्या. तो नियमाचा क्रमांक लिहितो, एरर लॉगमध्ये किंवा त्याच्या ऑडिट लॉगमध्ये. तेवढा एकच क्रमांक, तेवढ्याच पत्त्यासाठी वगळा. अख्खं इंजिन बंद करू नका.

यातलं काहीच नसेल तर नकार अ‍ॅप्लिकेशनचा. साइटच्या मुळाशी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवून उघडा. ती दिसली आणि बाकी पानं नाहीत, तर सुरक्षा प्लगइन किंवा लॉगइनच्या भूमिका तपासा. इथे वेब सर्व्हरचं काम संपलं.

टप्पा ८ : बदल लागू करणे आणि झाडझूड

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट किंवा एन्जिनएक्स -टी (आता लहान टी), मग रीलोड, मग तोच पत्ता पुन्हा कर्लने. टेस्ट न करता रीस्टार्ट केलं आणि एखादा अर्धविराम राहिला असेल, तर एका पानाचा ४०३ अख्ख्या सर्व्हरवरच्या साइट बंद पाडतो.

साइट चालू झाल्यावर हे उलटं तपासा :

- वाटेत दिलेले ७७७ शोधा : फाइंड ला -पर्म -०००२ देऊन इतरांना लिहिता येणाऱ्या फाइली आणि फोल्डर काढा. सिम्बॉलिक लिंक यादीत आल्या तर सोडून द्या, त्यांच्यावर परवानगी नेहमी ७७७ च दिसते.
- गेटएनफोर्स पुन्हा एनफोर्सिंग दाखवतं ना?
- जे बंद असायला हवं ते बंद आहे ना? डॉट ईएनव्ही आणि डॉट गिट/कॉन्फिग हे पत्ते बाहेरून उघडा. इथे ४०३ किंवा ४०४ आलाच पाहिजे.
- चाचणीची टेक्स्ट फाइल काढली का?

पुढच्या डिप्लॉयनंतर तोच ४०३ परत आला तर डिप्लॉय स्क्रिप्टचा यूमास्क बघा. ०७७ असेल तर प्रत्येक नवी फाइल ६०० ने बनते आणि हाताने केलेली दुरुस्ती दर वेळी पुसली जाते. तो ०२७ करा, साइटच्या फोल्डरचा ग्रुप वेब सर्व्हरचा ठेवा आणि फोल्डरांना सेटजीआयडी द्या, म्हणजे नव्या फाइलींना ग्रुप आपोआप मिळेल.